नंबरप्लीज विरुद्ध चिमटा

ऑनलाइन ज्ञानकोशावर तिला सगळे चिमटा म्हणत. हे नाव तिनं स्वतःच घेतलं होतं आणि घेताना फारसा विचारही केला नव्हता. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ती कामाला होती. खातं उघडताना नाव विचारलं, तेव्हा समोर टेबलावर चिमटा पडला होता, झालं. पण लोकांनी त्याचा लावायचा तो अर्थ लावलाच. कुणी एखाद्या पुस्तकातून चार ओळी उचलून लेखात घुसवल्या की ही बाई त्या बरोबर धरून बाहेर काढते आणि वर चारचौघांत दाखवते, असा तिचा लौकिक झाला. लौकिक खोटा नव्हता.

हा कोश कसा चालतो ते आधी सांगितलेलं बरं. तिथे कुणीही लिहावं, दुसऱ्याचं लिहिलेलं कुणीही दुरुस्त करावं आणि त्यावरून कुणीही कुणाशीही भांडावं. कुणालाच काही मिळत नाही, म्हणून भांडणं अगदी मनापासून होतात. प्रत्येक लेखाला जोडून एक चर्चापान असतं. लेख वाचला तर सगळं कसं गुण्यागोविंदाने चाललेलं, आणि चर्चापान उघडावं तर तिथे डोकी फुटलेली. या गोंधळात ज्यांच्यावर बाकीच्यांचा भरवसा बसतो त्यांना लेख काढून टाकायचे, खाती बंद करायचे अधिकार मिळतात. त्यांना प्रचालक म्हणतात.

चिमटाबाई प्रचालक होती, आणि कडक होती. ती कधी आवाज चढवून बोलली नाही. मूळ पुस्तकाचं पान आणि लेखातला उतारा ती शेजारी शेजारी मांडायची आणि खाली लिहायची, "खुलासा करावा." भल्याभल्यांची बोलती तिथेच बंद व्हायची. एकाच वेळी पन्नास लेख पाडणारे उचले तिनं इतके पाहिले होते, की शेवटी तिनं एक नियमच मांडला. एक मोठा उतारा चोरीचा निघाला आणि पटण्यासारखा खुलासा आला नाही, तर त्या माणसाचं खातं बंद आणि त्याचे सगळेच लेख बाहेर. एकेक वाक्य पाखडत बसायला वेळ कुणाला आहे? काहीजण म्हणाले, हे फार होतंय. ती हट्टाला पेटली, मतं पडली, नियम झाला. त्या संध्याकाळी तिनं घरी आइस्क्रीम नेलं, आणि ते तिच्या आत्यानं बोटं चाटून खाल्लं.

ती वाढली आत्याकडेच. आई लवकर गेली, वडील फिरतीच्या नोकरीत. आत्यानं तिला आपल्या दोन खोल्यांत आणली ती कायमची. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, हातानं तारा जोडायच्या त्या काळातली. अर्ध्या शहराच्या कुरबुरी तिच्या कानावरून जायच्या आणि कानातच राहायच्या. लग्न केलं नाही. "दिवसभर लोकांचे संसार ऐकते, तेवढे पुरेत," म्हणायची. पुढे यंत्रं आली, आत्या निवृत्त झाली, आणि मग घरातली धूळ संपेपर्यंत पुसत राहिली. धूळ संपल्यावर तिनं भाचीकडे मोर्चा वळवला. उठायला उशीर का, केस असे का, जेवण अर्धं का. भाचीच्या नाकी नऊ आले. स्वतःच्या जिवाला शांतता मिळावी म्हणूनच तिनं आत्याला कोशावर लिहायला शिकवलं.

आत्यानं खात्याचं नाव घेतलं, नंबरप्लीज, फोन आला की ऑपरेटर दिवसभर म्हणायची तेच. तारा, खुंट्या, कानावरचे हेडफोन, ट्रंक कॉल, रात्रपाळी, सगळ्यावर लेख. लिहिते झाल्यापासून आत्या पुन्हा ताठ चालायला लागली. सकाळी अंघोळ करून, केस विंचरून, कामावर बसावं तशी ती कॉम्प्युटरसमोर बसायची. नंबरप्लीज आणि चिमटा एकाच घरात, एकाच किटलीतला चहा पितात, हे कोशावर कुणालाच माहीत नव्हतं. जवळच्या माणसाचं काम आपण तपासू नये आणि नातं असेल तर सांगावं, अशी तिथली रीत होती. पण आत्याच्या लेखाला मी हात कुठे लावते, मग सांगायचं कशाला, अशी चिमटाबाईनं स्वतःची समजूत घातली होती. दुसऱ्या कुणाची अशी समजूत तिनं चालवून घेतली नसती.

आणि मग एका सकाळी चहा पिता पिता तिनं फोन उघडला, आणि हातातला कप तसाच खाली ठेवला.

तक्रार होती. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एका इंजिनियरनं लिहिलं होतं, की हातानं चालणाऱ्या एक्स्चेंजवरचा तुमचा लेख माझ्या पुस्तकातून शब्दशः उचललेला आहे. सोबत पानांचे फोटो. लेखावर इशाऱ्याची लाल पाटीही लागली होती. ती लावली होती शिट्टी नावाच्या दुसऱ्या प्रचालकानं. हा माणूस नावाप्रमाणेच चूक दिसली की वाजायचा. खाली त्यानं लिहिलं होतं, "चिमटा, हे तुमचंच काम. नेहमीसारखं बघून घ्या. रविवारपर्यंत खुलासा आला नाही तर नियमाप्रमाणे खातं बंद, सगळे लेख बाहेर."

तिनं पानं ताडून पाहिली. परिच्छेदच्या परिच्छेद जुळत होते. आणि पुस्तक आत्याच्या लेखाच्या कितीतरी आधीचं होतं.

समोर आत्या बशीत चहा ओतत होती.

"आत्या, तो एक्स्चेंजचा लेख तू कशावरून लिहिलास?"

"कशावरून म्हणजे? डोक्यातून."

"पुस्तकबिस्तक काही समोर होतं?"

"पुस्तकं लिहिणारे आम्हाला विचारायला यायचे. का गं?"

तिनं फोन पुढे केला. आत्यानं चष्मा लावला आणि इंजिनियरचं पान वाचायला घेतलं. वाचताना आधी तिचा चेहरा खुलला, मग हळूहळू पडला.

"अगं, हे तर माझं आहे."

"आत्या, पुस्तक तुझ्या लेखाच्या आधीचं आहे."

"असेल. मी पुस्तकाच्या आधीची आहे."

मग आत्यानं सांगितलं ते असं. एक्स्चेंज बघायला लोक यायचे. शाळेतली मुलं, पाहुणे, कधी मोठे साहेब. आवाज खणखणीत म्हणून माहिती सांगायचं काम आत्याकडे. तिनं चार गोष्टी नीट बसवून घेतल्या होत्या आणि दर वेळी त्याच शब्दांत सांगायची. पुढे कार्यालयानं ते टाईप करून घेतलं आणि आलेल्यांना त्याच्या प्रती वाटायला सुरुवात केली. खाली नाव घालायचं कुणाला सुचलं नाही, आत्यालाही नाही. "पाठ होतं मला. अजून आहे," असं म्हणून आत्यानं बशी खाली ठेवली आणि तिथेच सुरू केलं, पाहुणे समोर उभे असावेत तसं. भाची फोनवरच्या पानावर बोट ठेवून ऐकत गेली. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

पण पुरावा? त्या प्रती कुणी ठेवल्या नव्हत्या. एक्स्चेंजच्या जागी आता गाड्या उभ्या राहायच्या. आणि "मुळात ते मीच लिहिलं होतं" हे तर प्रत्येक उचल्याचं पहिलं वाक्य. मागे एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी असंच म्हटलं, तेव्हा तिनंच त्यांना थंडपणे सुनावलं होतं, "आठवण हा पुरावा नाही." ते पुन्हा कधी कोशावर दिसले नाहीत. आज प्रथमच तिला वाटलं, की ते खरं बोलत असतील.

"दुसरं काही सांगता येईल का आत्या? कुणी साक्षीदार, एखादा फोटो..."

"तुला काय वाटतं, मी चोरलं?"

"मला नाही वाटत. पण मला विचारावं लागतं."

"मग चिमटाबाईंना म्हणावं, कचेरीच्या वेळात या," आत्या म्हणाली, "आणि माझ्या भाचीला म्हणावं, चहा गार झाला." आणि उठून आत गेली.

लॅबमध्ये तिचं लक्ष लागेना. समोर एका माणसाच्या खालच्या जबड्याचा प्लास्टरचा ठसा होता. डावीकडची दाढ बसवायची. ठसा समोर धरला की माणसाची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते. नवी मुलं इथे हमखास चुकतात. इतक्या वर्षांत ती कधी चुकली नव्हती, पण आज तिनं मेणावर दाढ आपल्या डावीकडे बसवली. मालक मागून म्हणाले, "कुणाची डावी? त्याची का तुमची?" त्यांनी चेष्टेनंच विचारलं, तरी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिनं पुन्हा तो उतारा काढला, आणि मालकांचा प्रश्न डोक्यात असल्यामुळे असेल, एका वाक्यावर ती थबकली. "ऑपरेटर उजव्या हातानं तार उचलून खुंटी बसवते आणि डाव्या हातात पेन्सिल ठेवते, म्हणजे बोलता बोलता नंबर टिपता येतो." डाव्या हातात पेन्सिल? तिनं कोशावरचे जुन्या एक्स्चेंजचे फोटो एकामागून एक उघडले. ओळीनं बसलेल्या बायका, प्रत्येकीचा डावा हात तारेवर आणि पेन्सिल उजव्या हातात. एकही अपवाद नाही. बघणाऱ्याची डावी-उजवी उलटसुलट झाली असेल म्हणावं, तर सगळे फोटो पाठीमागून काढलेले.

आत्या डावखुरी होती. भाजी डाव्या हातानं चिरायची, वेणी डाव्या हातानं घालायची, लहानपणी पाठीत धपाटाही डाव्याच हातानं. आत्यानं सांगताना आपले हात जे करतात ते सांगितलं होतं. ऐकणाऱ्या पाहुण्यांना काय कळणार? आणि ज्यांना कळलं असतं त्या तिच्या मैत्रिणी तारा जोडण्यात गुंतलेल्या. इंजिनियरनं स्वतः बघून लिहिलं असतं तर असं कधीच लिहिलं नसतं. हे वाक्य फक्त एकाच बाईच्या तोंडून निघू शकत होतं. चिमटाबाई जागेवरून उठली ती अर्धी रजा टाकूनच.

घरी येऊन तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. वाटलं होतं आत्या टाळी देईल. आत्यानं आपले दोन्ही हात समोर धरले, हवेत एक तार उचलली, जोडली, हवेतच नंबर टिपला. मग हात मांडीवर ठेवून दिले.

"म्हणजे मी इतकी वर्षं लोकांना चुकीचं सांगितलं?"

"आत्या, ते जाऊ दे! त्या चुकीमुळेच तर तू सुटतेस. मी आत्ता लिहिते."

"लिहायचं नाही."

"अगं पण चोर ठरवतील तुला! सगळे लेख जातील!"

"चोरी मी केलेली नाही, ते मला ठाऊक आहे. कुणी म्हणालं म्हणून काय होतं? पण चूक मी केली आहे." आत्यानं डावा हात वर धरला. "मला मुद्दाम ओळीच्या टोकाला बसवायचे, शेजारणीला कोपर लागायला नको म्हणून. माझा हात उलटा आहे हे मला रोज कळायचं. आणि तरी मी ऑपरेटर अशी करते, ऑपरेटर तशी करते म्हणून सांगत सुटले. साध्या गोष्टीत. कधी एक लाईन चुकीची जोडली नाही गं मी."

भाचीनं समजावलं, चिडून पाहिलं, शेवटी हात जोडले. आत्या फडकं घेऊन खिडकीच्या काचा पुसायला लागली, ज्या कालच पुसल्या होत्या.

तिकडे चर्चापानावर ऊत आला होता. नंबरप्लीज गप्प का? काही बोलायला नाही म्हणूनच. एकानं आत्याच्या सगळ्या लेखांची यादीच टाकली, म्हणजे रविवारी काढायला सोपं. ज्यांनी त्याच लेखांचं तोंडभरून कौतुक केलं होतं ते आता म्हणत होते, आम्हाला आधीपासूनच शंका होती. आणि कुणीतरी विचारलं, "चिमटा, तुम्ही एरवी तासाभरात निकाल लावता. या वेळी हात का थरथरतोय?" एरवी दुसऱ्यांवर हे सगळं बरसायचं तेव्हा तिला ती शिस्त वाटायची. आता वाचताना तिला ती शिस्त वाटेना. एका बटणावर लाल पाटी काढून टाकावी आणि तक्रार गाडून टाकावी, असंही तिच्या मनात येऊन गेलं. तेवढा अधिकार तिला होता. ते बटण तिनं शोधलंसुद्धा.

रविवारी सकाळी तिनं दुसरंच लिहिलं. नंबरप्लीज ही माझी आत्या आहे, मी हे लपवलं, मी या प्रकरणातून बाजूला होते आणि प्रचालकपदही सोडते. पाठवायच्या आधी तिनं ते आत्याला वाचून दाखवलं.

"पद कशाला सोडतेस?"

"दुसऱ्या कुणी लपवलं असतं तर मी त्याला सोडायला लावलंच असतं."

आत्यानं चष्मा लावला. मग म्हणाली, "ऊठ. मला बसू दे."

भाचीची कबुली आधी गेली. तिच्याखाली आत्यानं स्वतः लिहिलं: "मी एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. मी डावखुरी आहे. त्या मजकुरात पेन्सिल डाव्या हातात असते असं म्हटलं आहे. ते चूक आहे. बाकी सगळ्या जणी उजव्या हातानं लिहायच्या, मी एकटीच डाव्या. पाहुण्यांना माहिती सांगताना मी माझेच हात सांगितले. ही माझी चूक आहे आणि म्हणूनच तो मजकूर माझा आहे. या गृहस्थांच्या पुस्तकातही पेन्सिल डाव्याच हातात आहे. ते स्वतः कधी तारा जोडायच्या बोर्डावर बसले होते का, आणि डावखुरे आहेत का, एवढं त्यांनी सांगावं."

मग दोघी वाट बघत बसल्या. आत्यानं तीनदा चहा टाकला आणि तिन्ही वेळा तो कुणी प्यायलं नाही. दुपार कलली तेव्हा इंजिनियरचं उत्तर आलं.

"मी उजव्या हातानं लिहितो. बोर्डावर कधी बसलो नाही. तो भाग मी कार्यालयातल्या एका सुट्या कागदावरून घेतला होता. खाली नाव नव्हतं, म्हणून टेलिफोन खात्याचाच समजलो. बाईंची मनापासून माफी मागतो. तक्रार मागे घेतो."

भाची आत्याच्या गळ्यात पडून रडली. आत्या तिला थोपटत राहिली आणि म्हणाली, "माणूस बरा दिसतो."

खातं वाचलं, बाकीचे लेख वाचले. मूळ लेख मात्र गेला. शिट्टीनं समजावून लिहिलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याचं बरोबर होतं: मजकूर कुणाच्याही तोंडचा असो, तो छापलेल्या पुस्तकात आहे, हक्क प्रकाशकाचा की टेलिफोन खात्याचा हे कळून लेखी परवानगी येईपर्यंत इथे ठेवता येणार नाही. नव्यानं, निराळ्या शब्दांत लिहा. स्वतःचेच शब्द टाळून लिहायचं म्हणजे आत्याला घाम फुटला. पाठ झालेलं वाक्य पुन्हा पुन्हा जिभेवर यायचं, ती ते खोडायची, पुन्हा तेच यायचं. पण तिनं लिहिलं. आणि या वेळी तार डाव्या हातात दिली, पेन्सिल उजव्या. त्या ओळीवरून ती पुन्हा पुन्हा नजर फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी ती ओळ बदललेली होती. कुणा नव्या माणसानं तार पुन्हा उजव्या हातात दिली होती आणि कारण लिहिलं होतं, "दिलेल्या संदर्भात उलट आहे." संदर्भ एकच होता, इंजिनियरचं पुस्तक. या विषयावर दुसरं पुस्तकच नव्हतं. आत्यानं ओळ सुधारली. त्यानं पुन्हा फिरवली. आत्यानं फोटो दाखवले. तो अदबीनं म्हणाला, आपण फोटोवरून निष्कर्ष काढायचे नसतात, ते कुणीतरी छापून म्हटलेलं हवं. इंजिनियरसाहेब स्वतः धावून आले, म्हणाले, बाईंचंच खरं, माझ्या पुस्तकात चूक आहे. त्यांनाही उत्तर मिळालं, की चर्चापानावर बोललेलं धरता येत नाही, पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करावी. पुढची आवृत्ती निघणार नव्हती. शेवटी आत्याच्या खात्यावर इशारा लागला: हाच बदल पुन्हा केल्यास खातं बंद करण्यात येईल.

"तू सांग त्याला," आत्या म्हणाली. "तुझं ऐकतील."

"त्याचं बरोबर आहे आत्या," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला स्वतःची विलक्षण चीड आली. "नियमानं त्याचंच बरोबर आहे."

"म्हणजे चूक आहे हे सगळ्यांना माहीत आहे."

"हो."

"आणि ती तशीच राहणार."

"हो."

आत्यानं ओळ पुन्हा सुधारून घेतली होती आणि तिचं बोट जतन करायच्या बटणाकडे जात होतं. भाचीनं ते हातात धरलं. ते बटण दाबलं गेलं असतं तर नंबरप्लीज संपली असती, आणि उद्या सकाळी अंघोळ करून, केस विंचरून आत्या कुठे बसली असती? तिनं खुर्ची पुढे ओढली. आत्यानं सुधारलेली ओळ तिनं स्वतःच्या हातानं खोडली. तार उजव्या हातात दिली, पेन्सिल डाव्या. ओळीच्या शेवटी आजवर नसलेला संदर्भाचा आकडा घातला आणि खाली इंजिनियरचं नाव, पुस्तकाचं नाव, पान.

आत्यानं चष्मा पुसून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"चूक माझी," ती म्हणाली, "आणि खाली नाव त्यांचं."

आत्यानं डाव्या हातानं भाचीचे डोळे पुसले, आणि म्हणाली, "आता जतन कर."